शिक्षण, स्त्री आणि खासगीपणा

प्रास्ताविक

शिक्षण म्हटले की वर्ग, फळा, पुस्तक आणि शिक्षक एवढेच चित्र पूर्वी डोळ्यांपुढे येत असे. आता त्यात मोबाइलची भर पडली आहे. २०२० साली कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा तर असंख्य घरांत मोबाइल हाच वर्ग झाला. प्रवेशअर्ज, वेळापत्रक, स्वाध्याय, निकाल हे सारे त्यावरूनच मिळू लागले. मुक्त विद्यालयाचे विद्यार्थी म्हणून तुम्हांला हा अनुभव नवा नाही. नोकरी, शेती किंवा घरकाम सांभाळून शिकणाऱ्याला हे साधन फार सोयीचे आहे.

परंतु या नव्या वर्गाला भिंती नाहीत. येथे लिहिलेला मजकूर आणि पाठवलेले छायाचित्र कोठवर जाईल, याचा भरवसा देता येत नाही. ते भलत्या हाती पडले, तर त्याची किंमत स्त्रीला आणि पुरुषाला सारखी मोजावी लागत नाही. शिक्षणातील स्त्री-पुरुष समानता आणि व्यक्तीचा खासगीपणा हे दोन विषय वरवर पाहता वेगळे वाटतात. ते एकमेकांत कसे गुंतले आहेत, हे कोलकात्याजवळ घडलेल्या एका घटनेच्या आधारे आपण या पाठात समजून घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• खासगीपणा आणि लपवाछपवी यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• स्त्री आणि पुरुष यांना लावल्या जाणाऱ्या वेगवेगळ्या निकषांची उदाहरणे देऊ शकाल;
• खासगीपणाच्या हक्काला असलेला कायद्याचा आधार सांगू शकाल;
• स्वतःची व इतरांची वैयक्तिक माहिती जपण्याचे मार्ग सुचवू शकाल.

१. सॉल्ट लेक आणि न्यू टाउन

कोलकाता शहराच्या पूर्वेस पूर्वी खाऱ्या पाण्याची विस्तीर्ण दलदल होती. १९६० नंतरच्या दशकात हुगळी नदीतील गाळ आणून ती भरून काढण्यात आली आणि तेथे आखीव नगर वसवण्यात आले. त्याचा आराखडा युगोस्लाव्हियातील वास्तुरचनाकार दोब्रिवोये तोश्कोविच यांनी तयार केला होता. डॉ. विधानचंद्र रॉय या माजी मुख्यमंत्र्यांच्या स्मरणार्थ या नगराला विधाननगर हे नाव मिळाले. परंतु लोकांच्या तोंडी सॉल्ट लेक हेच नाव राहिले.

राज्याच्या शिक्षण विभागाची कार्यालये सॉल्ट लेकमधील विकास भवनात आहेत. पश्चिम बंगालमधील मुक्त शिक्षणाचा कारभारही याच नगरातून चालतो. याच नगराच्या पाचव्या सेक्टरमध्ये माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या आणि हजारो तरुण-तरुणी तेथे काम करू लागल्या. पुढे जागा अपुरी पडू लागली, तेव्हा शेजारी न्यू टाउन हे दुसरे नगर उभे राहिले. त्यात नवी विद्यापीठेही आली. शिक्षण आणि संगणक यांची अशी शेजारशेजार वस्ती असलेल्या या परिसरातच पुढील घटना घडली.

२. एक राजीनामा

न्यू टाउनमधील सेंट झेवियर्स विद्यापीठात एक प्राध्यापिका ऑगस्ट २०२१ मध्ये रुजू झाल्या. ऑक्टोबर महिन्यात त्यांना विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांसमोर बोलावण्यात आले. एका विद्यार्थ्याच्या वडिलांची तक्रार आली होती. आपला मुलगा या प्राध्यापिकांची पोहण्याच्या पोशाखातील छायाचित्रे पाहत होता आणि ती आक्षेपार्ह आहेत, असे तक्रारीचे स्वरूप होते. त्यानंतर प्राध्यापिकांनी राजीनामा दिला.

आपल्याला राजीनामा देण्यास भाग पाडले गेले, असे प्राध्यापिकांचे म्हणणे आहे. ती छायाचित्रे नोकरीवर येण्याच्या आधी, जून महिन्यात, त्यांनी इन्स्टाग्रामवरील स्वतःच्या खात्यावर ठेवली होती. ते खाते सर्वांना खुले नव्हते. शिवाय छायाचित्रे ‘स्टोरी’ या प्रकारात होती, म्हणजे चोवीस तासांनंतर ती आपोआप दिसेनाशी होणारी होती. मग ती विद्यार्थ्यापर्यंत पोहोचली कशी, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी पोलिसांकडे तक्रार नोंदवली आणि विद्यापीठाला कायदेशीर नोटीस पाठवली. विद्यापीठाने सक्तीचा आरोप नाकारला. त्या स्वेच्छेने गेल्या, असे सांगून विद्यापीठानेच उलट, संस्थेची अप्रतिष्ठा झाल्याबद्दल ९९ कोटी रुपयांची मागणी केली. ऑगस्ट २०२२ मध्ये हे प्रकरण वृत्तपत्रांत आले आणि देशभर चर्चा झाली. अनेक स्त्रियांनी पोहण्याच्या पोशाखातील आपली छायाचित्रे स्वतःहून प्रसिद्ध करून त्या प्राध्यापिकांना पाठिंबा दर्शवला.

या वादाचा निवाडा करणे हे आपल्या पाठाचे काम नाही. प्राध्यापिकांचे नावही येथे दिलेले नाही, कारण त्यांना बोलावे लागले तरी आपली ओळख जाहीर करण्याची त्यांची इच्छा नव्हती. आपल्याला विचार करायचा आहे तो या घटनेतून निघणाऱ्या प्रश्नांचा.

शिक्षकाने आदर्श असावे, अशी आपल्या समाजाची अपेक्षा असते आणि ती गैर नाही. वडिलांना मुलाची काळजी वाटणे हेही स्वाभाविक आहे. परंतु शिक्षक चांगला की वाईट हे कशावरून ठरवायचे? तो वर्गात कसे शिकवतो, सर्व विद्यार्थ्यांशी समभावाने वागतो का, गुण देताना निःपक्ष राहतो का, यांवरून ठरवायचे; की सुट्टीच्या दिवशी त्याने काय परिधान केले यावरून? दुसरा प्रश्न याहून सोपा आहे. एखाद्या प्राध्यापकाचे तलावाकाठचे उघड्या अंगाचे छायाचित्र विद्यार्थ्याच्या हाती लागले असते, तर त्यांना असे बोलावणे आले असते का? या प्रश्नाचे उत्तर देताना ज्याच्या त्याच्या मनात जी चलबिचल होते, तीच निकषांतील विषमतेची खूण होय.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. सगळी चर्चा छायाचित्रातील स्त्रीभोवती फिरली. बंद खात्यातील छायाचित्र बाहेर आणले कोणी, हा प्रश्न मात्र मागे पडला. अब्रू म्हणजे काचेचे भांडे, असे आपल्याकडे मुलींना सांगतात. भांडे जपण्याचा उपदेश सर्वजण करतात. दगड मारणाऱ्याचा हात धरायला मात्र फारसे कोणी पुढे येत नाही.

पाठगत प्रश्न १
(अ) छायाचित्रे विद्यार्थ्यापर्यंत पोहोचण्याबाबत प्राध्यापिकांनी कोणता प्रश्न विचारला?
(आ) पाठात प्राध्यापिकांचे नाव का दिलेले नाही?

३. मागे वळून पाहताना

शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या स्त्रीच्या खासगी आयुष्यावर बोट ठेवण्याची ही रीत नवी नाही. १८४८ साली पुण्यात जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. तेथे शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाईंच्या अंगावर लोक शेण आणि चिखल फेकत. त्या सोबत दुसरे लुगडे नेत आणि शाळेत पोहोचल्यावर ते बदलत. त्यांच्या शिकवण्यात उणीव आहे, असा आक्षेप कोणी घेतला नव्हता. घराच्या उंबरठ्याबाहेर पडून त्या रस्त्याने चालत शाळेत जातात, हाच त्यांचा अपराध ठरला होता.

याच काळात कोलकाता हेही स्त्रीशिक्षणाचे मोठे केंद्र बनत होते. १८४९ साली तेथे मुलींची शाळा निघाली. ती पुढे बेथून शाळा म्हणून प्रसिद्ध झाली. १८७८ साली मराठी घरातील रमाबाई डोंगरे कोलकात्यास गेल्या. तेथील विद्वानांनी त्यांचे संस्कृतचे ज्ञान पारखून त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. आपण त्यांना पंडिता रमाबाई म्हणतो, तो मान त्यांना कोलकात्याने दिला आहे.

१८८३ साली कादंबिनी गांगुली आणि चंद्रमुखी बसू या दोघी कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. कादंबिनी पुढे वैद्यकशास्त्र शिकल्या आणि रुग्णसेवा करू लागल्या. रात्री-अपरात्री रुग्णाच्या घरी जाणारी स्त्री सनातनी मंडळींना खपली नाही. १८९१ साली ‘बंगवासी’ या नियतकालिकाने त्यांच्या चारित्र्यावर आडवळणाने अत्यंत हीन शब्दांत शिंतोडे उडवले. त्यांच्या निदानात चूक काढता येत नव्हती, म्हणून घरात डोकावणे सुरू झाले. कादंबिनी आणि त्यांचे पती द्वारकानाथ गांगुली गप्प बसले नाहीत. ते न्यायालयात गेले. संपादक महेशचंद्र पाल यांना सहा महिन्यांचा तुरुंगवास आणि शंभर रुपये दंड अशी शिक्षा झाली.

या विषमतेवर मराठीत नेमके बोट ठेवले ते बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ या पुस्तकात, जे दोष स्त्रियांच्या माथी मारले जातात ते पुरुषांत नाहीत काय, असा रोकडा सवाल त्यांनी केला. न्यू टाउनच्या घटनेच्या वेळी आपण जो प्रश्न विचारला, तो सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका मराठी स्त्रीने विचारून ठेवला होता.

पुण्यात चिखल होता, कोलकात्यात छापील अक्षर होते, आज छायाचित्र आहे. साधने बदलली, स्त्रीच्या कामाविषयी न बोलता तिच्या खासगी आयुष्याविषयी बोलण्याची वृत्ती तीच राहिली. फरक एवढाच की, चिखल धुऊन निघे आणि नियतकालिकाचा अंक जुना होई. मोबाइलवरील चित्र मात्र एका क्षणात हजारो हातांत जाते आणि पुरते पुसता येत नाही.

पाठगत प्रश्न २
(अ) कादंबिनी गांगुली यांनी बदनामीला कोणत्या मार्गाने उत्तर दिले?
(आ) चिखल आणि छायाचित्र यांत लेखिकेने कोणता फरक सांगितला आहे?

४. खासगीपणा म्हणजे लपवाछपवी नव्हे

‘लपवण्यासारखे काही नसेल, तर भिण्याचे कारण काय?’ असे पुष्कळदा विचारले जाते. हा युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण तो खरा नाही. आपण आंघोळ करताना दार लावतो, ते काही गुन्हा करत असतो म्हणून नव्हे. आईला लिहिलेले पत्र आपण गावच्या चावडीवर वाचत नाही. डॉक्टरांना सांगितलेला आजार शेजाऱ्याला सांगत नाही. आपली कोणती गोष्ट कोणाला, केव्हा आणि किती कळू द्यायची, हे ठरवण्याचा आपला अधिकार म्हणजे खासगीपणा होय. मैत्रिणीला छायाचित्र दाखवण्याची संमती ही साऱ्या जगाला ते दाखवण्याची संमती नसते.

शिकणाऱ्या व्यक्तीला या अधिकाराची विशेष गरज असते. शिकताना माणूस चुकतो, अडखळतो, भाबडे प्रश्न विचारतो, मत बनवतो आणि बदलतो. प्रत्येक पावलावर कोणीतरी पाळत ठेवून आहे, असे वाटले की तो प्रश्न विचारणेच सोडून देतो. वर्गात सर्वांत मागे गप्प बसलेली मुलगी पुष्कळदा अभ्यासात मागे नसते. ती पाहणाऱ्या नजरांना भ्यालेली असते. म्हणून खासगीपणाशिवाय शिक्षणातील समानता कागदावरच राहते.

५. कायद्याचा आधार

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने के. एस. पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निर्णय दिला, की खासगीपणा हा भारतीय नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. माणूस घराबाहेर पडला म्हणून तो हा हक्क गमावत नाही, असेही या निकालात स्पष्ट झाले. मात्र ‘घरातली गोष्ट’ म्हणून स्त्रीवरील अत्याचार झाकण्यासाठी या हक्काची ढाल करता येणार नाही, हेही न्यायालयाने लक्षात आणून दिले.

त्याआधी १९९० साली, महाराष्ट्रातील एका पोलीस निरीक्षकाच्या बडतर्फीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचे मत नोंदवले होते. एखाद्या स्त्रीच्या चारित्र्याविषयी लोक काहीही बोलत असले, तरी तिच्या खासगी आयुष्यात हवे तेव्हा शिरण्याचा अधिकार कोणालाही मिळत नाही, असा त्याचा आशय आहे. म्हणजे खासगीपणा हे चांगल्या वागणुकीचे बक्षीस नसून प्रत्येकीचा हक्क आहे.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० यात नंतर घातलेल्या कलम ६६-ई नुसार, एखाद्याच्या शरीराच्या खासगी भागाचे चित्र त्याच्या संमतीशिवाय काढणे वा पसरवणे हा गुन्हा आहे. २०१३ साली स्त्रीचे चोरून चित्रण करणे आणि तिचा पाठलाग करणे हे दंडनीय ठरले. इंटरनेटवरून ठेवलेली पाळतही त्यात येते. या तरतुदी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ७७ व ७८ या कलमांत आहेत. खासगी क्षणाचे चित्र काढू देण्यास स्त्रीची संमती असली, तरी ते तिच्या संमतीविना तिसऱ्याला दाखवणे हा गुन्हाच ठरतो, असे कलम ७७ च्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदाही संमत झाला. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी, हे त्याचे मुख्य तत्त्व आहे.

पाठगत प्रश्न ३
(अ) खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवणारा निर्णय कोणत्या दिवशी झाला?
(आ) १९९० च्या निर्णयातून कोणते तत्त्व स्पष्ट होते?

६. फोन काढून घेणे हा उपाय आहे का?

मुलीला मोबाइलवर कोणी त्रास दिला की घरातील पहिली प्रतिक्रिया बहुधा ठरलेली असते : ‘फोन ठेवून दे.’ यामागे माया असते, चिंता असते. परंतु शिक्षा कोणाला झाली ते पाहा. त्रास देणाऱ्याचा फोन त्याच्या खिशातच राहतो. मुलीचा वर्ग मात्र बंद होतो. पुढच्या वेळी त्रास झाला तर ती घरी सांगत नाही, कारण सांगितल्यास शिक्षण सुटेल याची तिला धास्ती असते. त्रास देणाऱ्याचे बळ याच मौनात असते.

मुळातच स्त्रियांच्या हाती हे साधन कमी आहे. २०१९-२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार इंटरनेट कधीतरी वापरलेल्या पुरुषांचे प्रमाण ५७.१ टक्के होते, तर स्त्रियांचे केवळ ३३.३ टक्के. स्वतः वापरता येईल असा मोबाइल ५३.९ टक्के स्त्रियांकडे होता. म्हणजे उरलेल्या जवळपास निम्म्या स्त्रियांना फोन हवा असेल, तर तो घरातील दुसऱ्याकडे मागावा लागत होता. उसन्या फोनवर स्वतःचे काही राहत नाही. अशा स्थितीत सुरक्षिततेच्या नावाखाली फोन काढून घेणे म्हणजे शाळेच्या वाटेवर चिखल फेकतात म्हणून मुलीची शाळाच बंद करणे होय. सावित्रीबाईंनी वाट सोडली नाही. त्यांनी दुसरे लुगडे सोबत घेतले.

७. आपण काय करू शकतो?

ही जबाबदारी एकट्या स्त्रीची नाही. संस्था, कुटुंब आणि सहाध्यायी या सर्वांची ती आहे.

संस्थेने – विद्यार्थिनींचे मोबाइल क्रमांक व पत्ते असलेली यादी सूचनाफलकावर लावू नये. अभ्यासगटात सर्वांचे क्रमांक सर्वांना दिसतात. म्हणून गटात घेण्यापूर्वी विचारावे. तक्रार आल्यास प्रथम तक्रारीतील चित्र कोठून आले, याची चौकशी करावी.

कुटुंबाने – मुलीने त्रासाविषयी सांगितले तर तिला दोष देऊ नये. मुलाशीही या विषयावर बोलावे. ‘कोणाचे चित्र पाहू नकोस’ एवढेच न सांगता ‘दुसऱ्याचे चित्र त्याला न विचारता पुढे पाठवू नकोस’ हे शिकवावे.

सहाध्यायांनी – आलेले चित्र पुढे पाठवू नये. आपण केवळ पुढे पाठवले, मूळ काम दुसऱ्याचे, ही सबब पुरेशी नाही.

स्वतः – पासवर्ड आणि ओटीपी कोणालाही सांगू नये. खाते सर्वांना खुले ठेवायचे की नाही, ते विचारपूर्वक ठरवावे. चोवीस तासांत दिसेनासे होणारे चित्रही पाहणारा पडद्यावरून टिपून ठेवू शकतो, हे ध्यानात असावे. त्रास झाल्यास घाईने संदेश पुसून टाकू नयेत. तो पुरावा असतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार करता येते. स्त्रिया व बालके यांच्याविरुद्धच्या काही गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही नोंदवण्याची सोय तेथे आहे. १९३० हा मदत क्रमांक आहे. जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते.

सारांश

शिक्षणाचे दार उघडण्यासाठी स्त्रियांनी दीर्घ लढा दिला. दार उघडले, तरी आत आलेल्या स्त्रीकडे वेगळ्या निकषाने पाहणे थांबलेले नाही. डिजिटल साधनांनी शिक्षण घरापर्यंत आणले, तशीच ही नजरही घरापर्यंत आणली. खासगीपणा हा स्त्रीवर घालण्याचा पडदा नव्हे. आपला पडदा केव्हा आणि कोणासाठी उघडायचा, हे ठरवण्याचा तो तिचा स्वतःचा अधिकार आहे. तो पुरुषाला जितका सहज मिळतो तितकाच स्त्रीला मिळेल, तेव्हाच वर्गातील समानता खरी ठरेल.

शब्दार्थ

निकष – पारखण्याची कसोटी. संमती – मान्यता. पाळत – नजर ठेवणे. शिंतोडे उडवणे – बदनामी करणे. रोकडा – स्पष्ट, सडेतोड. बिनतोड – खोडून काढता न येणारा. घटनापीठ – राज्यघटनेविषयीच्या प्रश्नांचा निर्णय करणारे न्यायपीठ.

स्वाध्याय

१. ‘खासगीपणा हे चांगल्या वागणुकीचे बक्षीस नसून प्रत्येकीचा हक्क आहे’ – या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
२. सावित्रीबाई फुले आणि कादंबिनी गांगुली यांच्या अनुभवांतील साम्य व फरक सांगा.
३. तुमच्या अभ्यासकेंद्राच्या फलकावर विद्यार्थिनींची नावे मोबाइल क्रमांकांसह लावली आहेत, असे समजा. ती यादी काढावी अशी विनंती करणारे पत्र केंद्रप्रमुखांना लिहा.
४. तुमच्या घरात मुलगा आणि मुलगी यांच्या मोबाइल वापराचे नियम सारखे आहेत का? नसल्यास का, याविषयी घरातील मोठ्यांशी बोला आणि दहा ओळी लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) खाते सर्वांना खुले नव्हते आणि चित्रे चोवीस तासांनी दिसेनाशी होणारी होती, तर ती विद्यार्थ्यापर्यंत पोहोचली कशी? (आ) ओळख जाहीर करण्याची त्यांची इच्छा नव्हती म्हणून.
२. (अ) त्या न्यायालयात गेल्या आणि संपादकाला शिक्षा झाली. (आ) चिखल धुऊन निघतो. मोबाइलवरील चित्र हजारो हातांत जाते आणि पुरते पुसता येत नाही.
३. (अ) २४ ऑगस्ट २०१७. (आ) लोक स्त्रीच्या चारित्र्याविषयी काहीही बोलत असले, तरी तिचा खासगीपणाचा हक्क अबाधित राहतो.